शहराची दिवाळी आणि नदीचा काठ
पॅट्रिक गेडीस यांच्या इंदूर-अहवालासंबंधी

सरकारी अहवाल वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे चाल नाही. पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारास सादर केलेला आणि १९१८ साली दोन भागांत छापला गेलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल मात्र या नियमास अपवाद ठरावा. गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. झाडाकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी शहराकडे वळविली, हे या अहवालाचे पहिले वैशिष्ट्य होय.

जुन्या वस्तीवरून सरळ, रुंद रस्ता फिरविणे त्यांस मान्य नव्हते. आधी गल्लीगल्ली पायी हिंडावे, रोगाचे निदान करावे, आणि मग एखादे पडके घर काढून तेथे चौक मोकळा करावा, सावलीचे झाड लावावे, एवढीच हलकी शस्त्रक्रिया ते सुचवितात. सांडपाण्याचा प्रश्नही त्यांनी मातीशी जोडला. खर्चिक गटारे बांधून मैला नदीत सोडण्यापेक्षा तो बागाईतीच्या कामी यावा, असा त्यांचा आग्रह होता. खान आणि सरस्वती या नद्या इंदुरात एकत्र येतात. त्यांचे काठ मोकळे राहिले तर पुराचे पाणी तेथे पसरेल, झाडे जगतील, आणि त्याच जागी मुले खेळतील, वृद्ध सायंकाळी बसतील. करमणूक व निसर्गरक्षण ही दोन खाती नसून एकाच जमिनीची दोन फळे आहेत, हे आम्हांस या विचाराचे सार वाटते.

अहवालाबाहेरची त्यांची दिवाळीची हकीकत तर प्रसिद्धच आहे. प्लेगने गांजलेल्या शहरात त्यांनी मिरवणूक काढली. तीत रोगाचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली. ज्या आळ्यांनी घरे स्वच्छ केली त्यांच्या वाटेने मिरवणूक जाणार, असे जाहीर होताच लोकांनी आपण होऊन झाडू हाती घेतला. हुकुमाने जे साधले नसते ते उत्सवाने साधले. देवळाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकास यात नवल वाटणार नाही. तळीचे पाणी आणि देवराईची झाडे आपल्या पूर्वजांनी श्रद्धेच्याच बळावर राखली.

परंतु वकिलीच्या सवयीने आम्हांस येथेच एक उणीव दिसते. गेडीस यांची सारी योजना दरबाराच्या मर्जीवर उभी होती. राजाने दिलेली बाग ही कृपा होय, हक्क नव्हे. कृपा करणारा गेला की बागेचा वाली उरत नाही. उत्सवाचेही तसेच. मिरवणूक एक दिवसाची, नदी मात्र तीनशेपासष्ट दिवसांची.

ही उणीव पुढे आपल्या न्यायालयांनी काही अंशी भरून काढली. उद्यानासाठी राखलेली बंगळूरची जागा खाजगी रुग्णालयास देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली अवैध ठरविला. १९९६ साली बियास नदीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की नद्या, वने यांसारख्या संपत्तीचे शासन मालक नसून विश्वस्त आहे. २००१ साली गावतळ्यांनाही तसेच संरक्षण मिळाले. गेडीस यांच्या अहवालात जो अध्याय नव्हता, तो असा निकालपत्रांत लिहिला गेला.

तरीही निकालपत्र नदी धूत नाही. जिला आता कान्ह म्हणतात ती खान नदी पुढे क्षिप्रेस मिळते. तिचे मलिन पाणी स्नानाच्या घाटांवर येऊ नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी ते नळांतून वळवावे लागले. स्वच्छतेत इंदूरने वर्षानुवर्षे देशात पहिला क्रमांक मिळविला, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण रस्ता झाडणे आणि नदी जगविणे यांत फार अंतर आहे. काठाला दगडी भिंत व दिव्यांची रांग लावली म्हणजे नदी सुधारली, असे मानणाऱ्यांनी हा अहवाल अवश्य वाचावा.

विश्वस्त हा शब्द आपल्या देवस्थानांस नवा नाही. देवाची जमीन विकता येत नाही, कारण ती पुढल्या पिढीच्या भक्तांचीही असते. नदीचा काठ, गावची तळी, शहरातील बाग यांना हाच न्याय लावावयाचा आहे. गेडीस यांनी उत्सव दिला, न्यायालयांनी हक्क दिला. नित्याची पूजा मात्र आपल्यालाच करावी लागेल.