खाऱ्या पाण्यांतील माशी

आयझॅक वॉल्टनच्या ‘दि कम्प्लीट अँगलर’ या ग्रंथास १६७६ मध्यें चार्ल्स कॉटननें दुसरा भाग जोडला, तेव्हांपासून पिसांची कृत्रिम माशी इंग्रजी वाङ्मयांत मानानें वावरत आहे. हें शास्त्र गोड्या पाण्याचें. ओढ्यावर जो कीटक उडे, त्याचें अनुकरण गळावर बांधावयाचें. तोच खेळ क्यूबाच्या उथळ किनाऱ्यावर आला, तेव्हां बोनफिशला भुलविण्यासाठीं माशीस कोळंबीचें वा खेकड्याचें रूप घ्यावें लागलें. नांव मात्र माशीचेंच! मुख्यार्थाचा बाध झाला आणि शब्द रूढीनें उरला. आलंकारिकांची ही रूढि-लक्षणा, आणि तींत व्यंग्य नसतें. या खेळावरील बहुतेक लेखनहि तसेंच आहे: मासा लागला, मोजला, सोडून दिला, मागें कांहीं उरत नाहीं.

त्याच समुद्रावरील हेमिंग्वेची ‘दि ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) पाहावी. सांतियागो माशीच्या वाटेस जात नाहीं. हातांत दोरी, गळास खरें आमिष, आणि ८४ दिवस रिकामी परतलेली होडी. पु. ल. देशपांडे यांनीं १९६५ मध्यें मराठींत तिला ‘एका कोळियाने’ हें नांव दिलें. जाळें विणणाऱ्या कोळ्याची आठवण आणणारा हा श्लेष खटकतो खरा, कारण सांतियागो दोरीनें मासा धरतो. परंतु त्याचें फेकण्याचें जाळें, कोंकणांत ज्यास पाग म्हणतात तें, पूर्वींच विकलें गेलें आहे. तरीहि मुलगा रोज तें मागतो आणि म्हातारा रोज ‘ने’ म्हणतो. येथेंहि वस्तु नाहीं, नांव तेवढें आहे. पण त्या नांवांत दारिद्र्य आहे, आणि तें एकमेकांपासून झांकणारी माया आहे.