‘निल बाय माउथ’ : एका मद्यपी घराचे दर्शन

अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेवर कधी कधी एक पाटी टांगलेली असते. इंग्रजीत तिच्यावर तीनच शब्द असतात : निल बाय माउथ. तोंडावाटे काहीही द्यायचे नाही, पाण्याचा थेंबही नाही. आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जाणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ही पाटी चांगलीच परिचयाची आहे. ती दिसली की केवळ प्रार्थना म्हणून, मस्तकावर हात ठेवून मागे फिरावे लागते. हेच तीन शब्द शीर्षक म्हणून मिरवणारा एक ब्रिटिश चित्रपट १९९७ साली निघाला. तो आम्ही पुष्कळ उशिरा पाहिला. प्रथम वीस मिनिटांतच बंद केला, आणि काही महिन्यांनी पुन्हा लावून अखेरपर्यंत पाहिला. त्याविषयी आमच्या कुटुंबवत्सल वाचकांशी चार शब्द बोलावेत असे वाटते.

बंद का केला, ते आधी सांगतो. या चित्रपटात शिव्यांचा नुसता पाऊस आहे. त्या रागाने दिल्या जातात, लाडाने दिल्या जातात, चहा मागतानाही दिल्या जातात. आमच्या कानांना ते सोसवेना. पुढे ध्यानात आले की हा भडिमार प्रेक्षक खेचण्यासाठी केलेला नाही. त्या घरात दुसरी भाषाच उरलेली नाही.

लेखक-दिग्दर्शक गॅरी ओल्डमन हा नावाजलेला नट. त्याचा जन्म १९५८ साली आग्नेय लंडनमधील न्यू क्रॉस या कष्टकरी वस्तीत झाला. वडील वेल्डर होते, दारूच्या आहारी गेलेले होते आणि तो लहान असतानाच घर सोडून गेले. ओल्डमन स्वतःही पुढे याच व्यसनात बुडाला आणि त्यातून बाहेर आला. हॉलिवूडच्या मानाने अगदी तुटपुंज्या खर्चात त्याने हा चित्रपट केला. फ्रेंच दिग्दर्शक ल्युक बेसाँ निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला आणि ओल्डमनने पदरचा पैसाही घातला. झगमगाट नाही, देखणी दृश्ये नाहीत. कॅमेरा माणसांच्या इतका जवळ जातो की शेजारच्या खोलीतून चोरून पाहत असल्याचा संकोच वाटावा.

कथानक फारसे नाही. रे हा आडदांड पुरुष, त्याची पत्नी व्हॅलेरी, त्यांची लहानगी मुलगी मिशेल. व्हॅलेरीचा भाऊ बिली हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला. आई जॅनेट आणि आजी कॅथ. पुरुष दारूच्या गुत्त्यात, स्त्रिया स्वयंपाकघरात. गरोदर व्हॅलेरी एका ओळखीच्या माणसाबरोबर पूल खेळताना रेला दिसते. एवढ्या कारणावरून घरी आल्यावर तो तिला लाथाबुक्क्यांनी तुडवतो. जिन्यावरून मिशेल ते पाहते. पोटातले मूल जाते. आणि सुजलेल्या, काळ्यानिळ्या तोंडाने व्हॅलेरी आईला सांगते की आपल्याला मोटारीने धडक दिली.

हे खोटे बोलणे हा आम्हाला या चित्रपटाचा गाभा वाटला. आईचा तिच्यावर विश्वास बसत नाही, आणि तो बसणार नाही हे मुलीलाही ठाऊक आहे. तरीही ते वाक्य उच्चारले जाते. आमच्या धर्मग्रामांतही अशा ‘मोटारी’ पुष्कळ आहेत. कुणी न्हाणीघरात घसरते, कुणाला कपाटाचे दार लागते. रविवारच्या मिस्साला डोक्यावरचा पदर नेहमीपेक्षा पुढे ओढलेला असतो. आपण पाहतो, आणि घसरगुंडीची ती कथा मान्य करून ‘जपून चालत जा’ असे म्हणतो. व्हॅलेरीचे काम करणारी कॅथी बर्क ही लंडनमधील आयरिश कॅथलिक घरातली. तिचे वडीलही मद्यपी होते, हे तिने उघडपणे सांगितले आहे. या भूमिकेसाठी १९९७ च्या कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. त्या एका खोट्या वाक्यासाठीसुद्धा तो द्यायला हरकत नव्हती.

शीर्षकाचा उलगडा उत्तरार्धात होतो. रे आपल्या मित्राला वडिलांची आठवण सांगतो. ते रुग्णालयात होते, खाटेवर ती पाटी होती. ती पाहून त्याच्या मनात आले की याच्या घशाखाली आयुष्यभर दारू उतरली, पण बाहेर कधी एक मायेचा शब्द आला नाही, मुलाचा एक मुकाही कधी घेतला गेला नाही. रे विन्स्टन या नटाने हा प्रसंग असा काही केला आहे की ज्या माणसाविषयी पाऊण तास आपल्याला किळस वाटत होती, त्याच्यासाठी गळा दाटून येतो.

इथेच सावध व्हावे लागते. पापनिवेदनाच्या कक्षात बसून आम्हाला एक गोष्ट कळली आहे. पुष्कळ माणसे ‘मी काय केले’ हे सांगण्याऐवजी ‘मी असा का झालो’ हे सांगतात. दुसरी कहाणी खरी असते, हृदयद्रावक असते, परंतु ती पश्चात्ताप नव्हे. रे आपल्या बापाविषयी बोलतो. गमावलेल्या अर्भकाविषयी त्या घटकेस बोलत नाही. शिवाय तो कुणापाशी बोलतो? पिण्याच्या सोबत्यापाशी. जिने ते ऐकायला हवे होते, ती तिथे नाही. ओल्डमनचे मोठेपण असे की त्याने रेला समजून घेतले, पण सोडून दिले नाही. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात संदेष्टा आंबट द्राक्षांची जुनी म्हण खोडून काढतो आणि बापाच्या दुष्कृत्याचा भार मुलावर टाकायला नकार देतो. त्याची दुसरी बाजू आपण सहसा वाचत नाही : मुलालाही आपले कृत्य बापाच्या खांद्यावर टाकता येत नाही.

स्त्रियांच्या बाजूलाही दिग्दर्शक भाबडेपणाने पाहत नाही. जॅनेट मुलाची तडफड पाहवत नाही म्हणून त्याला अमली पदार्थासाठी पैसे देते, आपल्या गाडीतून नेते, आणि तो मागे बसून टोचून घेत असता पुढे बसून राहते. हे वात्सल्यच आहे, आणि मुलाचा घातही. जॅनेटचे काम लैला मॉर्स या ओल्डमनच्या सख्ख्या बहिणीने केले आहे. तोवर तिने अभिनय केलेला नव्हता. पुढे आजी एक जुने गाणे म्हणते. ‘शो बोट’ या १९२७ च्या अमेरिकन संगीतिकेतले ते गाणे आहे, आणि आपला पुरुष कसाही असला तरी त्याच्यावरचे प्रेम सुटत नाही, असा त्याचा आशय. एडना डोरे या वृद्ध नटीच्या ओठांवर जो स्वर ऐकू येतो, तो ओल्डमनच्या आईचा आहे. तीन पिढ्यांच्या बायका एका ठिकाणी, आणि गोड चालीतून तोच सल्ला खाली उतरतो आहे. आम्हाला त्या मारहाणीपेक्षा या गाण्याची भीती अधिक वाटली.

दोषही आहेत. बिलीचे व्यसनापायी रस्त्यांवर भटकणे लांबले आहे, आणि मित्र मार्क याचे किस्से काही वेळा नटाच्या हौसेसाठी ठेवल्यासारखे वाटतात. त्या वेळात मिशेलच्या मनात काय चालले असेल ते थोडे तरी दाखवायला हवे होते. ती केवळ साक्षीदार राहते.

या चित्रपटात चर्च नाही, धर्मगुरू नाही. ‘आपल्या घरात असे होत नाही’ असे म्हणायला मोकळीक आहे, असे कुणास वाटेल. त्यांनी टेरेन्स डेव्हिस यांचा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ज’ (१९८८) पाहावा. ते लिव्हरपूलचे कॅथलिक घर आहे. तिथला बाप नाताळच्या आदल्या रात्री झोपलेल्या मुलांकडे ममतेने पाहतो, आणि नाताळच्या जेवणाला टेबलावरची चादर अन्नासकट खेचून फेकतो.

‘निल बाय माउथ’चा शेवट विचित्र आहे. रेने घर डागडुजी करून नीटनेटके केले आहे. सगळे जमले आहेत, थट्टामस्करी चालली आहे, तुरुंगात असलेल्या बिलीला भेटायला जायची तयारी आहे. व्हॅलेरी परत आली आहे. कशी आली, काय बोलणे झाले, त्याने क्षमा मागितली का, दारू सोडली का, यातले काहीही दाखवलेले नाही. दिसते ती फक्त दुरुस्त केलेली खोली.

चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कॅनन ११५३ असे सांगतो की जो जोडीदार दुसऱ्याच्या वा मुलांच्या आत्म्याला किंवा देहाला गंभीर धोका निर्माण करतो, त्याच्यापासून वेगळे राहण्यास दुसऱ्याला रास्त कारण मिळते. उशीर करण्यात धोका असेल तर बिशपांच्या आदेशाची वाट न पाहताही निघता येते. कारण नाहीसे झाले की सहजीवन पुन्हा सुरू करावयाचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात आणखी पुढे जाऊन म्हटले की दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही असते. विवाहबंधन अतूट आहे. मार खात एका छताखाली राहणे हा त्या बंधनाचा भाग नाही. धर्मविद्यालयात हे आम्ही शिकलो होतो, त्याच्या परीक्षेत चांगले गुणही मिळवले होते.

तरीही धर्मगुरुपदाच्या प्रारंभीच्या काळात एक भगिनी दोन मुलांना घेऊन रात्री आमच्या दारी आली, तेव्हा आम्ही तिला क्षमेविषयी सांगितले, क्रूस वाहण्याविषयी सांगितले, आणि सकाळी स्वतः तिच्या नवऱ्याशी बोलून तिला घरी पोचवले. तो आमच्यापुढे हात जोडून रडला. घर त्याने झाडून ठेवले होते, चहाही केला होता. तेवढ्यावर आमचे समाधान झाले. कारण नाहीसे झाले आहे काय, हे आम्ही विचारले नाही. तिसऱ्या महिन्यात ती रुग्णालयात होती. ‘पडले, फादर,’ असे ती म्हणाली. चित्रपटाचे ते शेवटचे दृश्य पाहताना तो चहा आम्हाला आठवला.

हा चित्रपट मुलांना दाखवू नये. त्यातील भाषा आणि तो मारहाणीचा प्रसंग त्यांच्यासाठी नाहीत. पतिपत्नींनी एकत्र पाहावा, आणि ज्या घरात दारूचा त्रास आहे तिथल्या स्त्रीने एकटीने पाहू नये, कुणीतरी विश्वासू बहीण वा मैत्रीण सोबत घ्यावी. विवाहपूर्व शिबिरे चालवणाऱ्या आमच्या धर्मगुरुबंधूंनी मात्र तो अवश्य पाहावा. आणि श्रेयनामावली सुरू होताच उठू नये. ओल्डमनने हा चित्रपट आपल्या वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.