मधुमालतीच्या पायाखाली

मधुमालतीचे रसिक तिच्या घोसांपाशीच थांबतात. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. कौतुक रास्तच. मी मात्र कुणाच्या फाटकावर ही वेल दिसली की आधी वाकून बुंध्याशी बघतो.

खारघरला तर बघावंच. सिडकोनं वसवलेल्या या नगरात इमारतीच्या आवारात कुदळ घातली की चार बोटांखाली मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, नशीब फुटकं असेल तर सिमेंटचा गठ्ठा. खाडीच्या अंगाला काळी, चिकट, खारवट माती. उन्हाळ्यात तिच्यावर मिठाची पांढरी साय धरते. पांडवकड्याच्या बाजूची माती मोहात पाडते, पण ती तिथल्या झाडांची. उचलून आणू नये.

म्हणून कुंडी, आणि नर्सरीतलं लाल मातीचं पोतं. रंगावर भाळू नका, तो लोखंडाच्या गंजाचा. काचेच्या बरणीत मूठभर माती, वर पाणी, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. रेती लगेच बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती मात्र तरंगतच राहते. माझी बरणी दोन दिवस चहासारखी दिसत होती. अशी माती पावसात चिखल, उन्हात वीट.

तेव्हा दोन घमेली माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत, वर ओंजळभर निंबोळी पेंड. ओलसर कालवून मूठ आवळायची. गोळा राहिला पाहिजे आणि अंगठ्याच्या टोचणीनं भुरभुरला पाहिजे. मग नाकाशी न्यायचा: पहिल्या पावसाचा वास आला तर मातीतले जिवाणू खूश आहेत, गटाराचा आला तर आत हवा नाही.

पहिल्या वर्षी मी प्रेमापोटी निम्म्याला निम्मं शेणखत घातलं होतं. पानं तळहाताएवढी, वेल वरच्या मजल्याच्या ग्रिलला भिडलेली, घोस एकही नाही. नत्राचा माज! मधुमालतीला थोडं अर्धपोटीच ठेवावं लागतं.

आषाढात पाऊस कोसळू लागला की मी कुंडीच्या भोकाकडे बघत बसतो. पाणी आधी तांबडं, मग चहासारखं, मग नितळ. त्याबरोबर खताचा कसही वाहून जातो. म्हणून गणपतीच्या आधी बुंध्यापासून वीतभर लांब, एकच मूठ गांडूळखत.