कुपीवरचं नाव आणि खालची बारीक ओळ

आज कुठल्या पेपरबद्दल नाही, दोन पानी कागदाबद्दल लिहितोय. प्रथिनाच्या कुपीसोबत जी डेटाशीट येते ना, ती. तुम्ही म्हणाल, त्याची कसली समीक्षा? पण माझे सहा महिने हा कागद नीट न वाचल्यामुळे गेलेत, त्यामुळे तेवढा हक्क मी कमावलाय.

आधी कुपीत काय होतं ते सांगतो. चेतापेशीच्या पृष्ठभागावर ट्रक-बी नावाचा रिसेप्टर असतो (मालट्रकचा इथे काही संबंध नाही). बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं, त्यांचे जोड पक्के करणारं प्रथिन त्याला येऊन चिकटतं आणि पेशीच्या आत संदेश जातो. हे बीडीएनएफ १९८२ मध्ये बार्ड आणि थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. उंदराचा अख्खा ट्रक-बी ८२१ अमिनो आम्लांचा. कुपीत मात्र त्याचा फक्त पेशीबाहेरचा भाग असतो आणि त्याला माणसाच्या आयजीजी-१ अँटिबॉडीचा एफसी हा तुकडा जोडलेला असतो. संदेश आत नेणारा भाग नाहीच. म्हणजे हा रिसेप्टर द्रवात फिरणारं बीडीएनएफ पकडून बसतो, पेशीपर्यंत पोचू देत नाही.

मी तो चेतापेशी आणि मायक्रोग्लिया एकत्र वाढवलेल्या डिशमध्ये घातला. तुलनेसाठी दुसऱ्या डिशमध्ये नुसता बफर. मायक्रोग्लिया चवताळल्या! बीडीएनएफ काढून घेतलं की दाह वाढतो, अशी स्लाइडसुद्धा केली. मग समितीतल्या सरांनी विचारलं, "नुसतं एफसी घालून पाहिलंस का?"

शेजारच्या लॅबमधून थोडं मागून आणलं, घातलं. जवळजवळ तोच परिणाम.

मायक्रोग्लियांवर एफसी पकडणारे रिसेप्टर असतात, हे मी एमएस्सीला पाठ केलं होतं. आणि डेटाशीटवर एफसीचा उल्लेख होताच. ट्रक-बी मोठ्या ठळक अक्षरात, एफसी खाली बारीक अक्षरात. स्थळाच्या बायोडाटासारखं आहे हे: खोटं काही नसतं, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

सगळ्यात फसवी ओळ म्हणजे शुद्धता. जेलवर ९५ टक्क्यांहून जास्त. छान वाटतं. पण जेलवर चढवण्याआधी प्रथिन उकळून त्याची घडी मोडतात. मग घडी बरोबर होती की नाही हे ते जेल कसं सांगणार? शिवाय त्याच जेलवर पट्टी हिशोबापेक्षा वर दिसते, कारण प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असतात. नवख्याला वाटतं चुकीचा माल आला. (मलाही वाटलं होतं.) आणि हेच प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलेलं असेल, तर त्या साखळ्या नसतातच.

कामाची ओळ खरं तर एकच: बीडीएनएफमुळे होणारी पेशींची वाढ निम्म्यावर आणायला किती प्रथिन लागतं. तिथे घडीची परीक्षा होते. पण ती परीक्षा त्यांच्या पेशींवर, त्यांच्या मात्रेत झालेली. तुमच्या डिशमध्ये मात्रा तुम्हालाच ठरवावी लागते.

एंडोटॉक्सिनचा आकडाही बघा, कारण जिवाणूंच्या कवचाचे कण मायक्रोग्लियांना एकट्यानेच चवताळवू शकतात. आणि ट्रक-बी फक्त बीडीएनएफ धरतो असं नाही, एनटी-४ सुद्धा धरतो. त्यामुळे एफसीचं कंट्रोल जमलं तरी 'हा बीडीएनएफचा परिणाम' असं लिहिताना हात जरा आखडलेलाच बरा. 'उंदराचं' या शब्दाला मात्र घाबरू नका: उंदराचं आणि माणसाचं परिपक्व बीडीएनएफ अमिनो आम्लांच्या क्रमाने अगदी सारखं आहे.

कंपनीला दोष द्यावा का? अर्धा. "मायक्रोग्लिया असतील तर एफसीचं कंट्रोल ठेवा" एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती? उरलेला अर्धा माझा.

आता त्याच प्रकारच्या पेशींत बनवलेल्या नुसत्या एफसीची कुपी मागवलीय. मॅमनी बिलावर सही केली, बोलल्या काहीच नाहीत.