संख्येचे नाव आणि संख्येचे चिन्ह : ‘वीस एक’च्या वादाची चिकित्सा

बीजसंज्ञा : प्रतिरूपण, संख्यानाम, अंकलेखन, स्थानिक किंमत, अपूर्णांक, पाठ्यपुस्तक

प्रास्ताविक

गणितातील वस्तू इंद्रियगोचर नसतात. आंबा दाखविता येतो. त्रेसष्ट दाखविता येत नाही. त्रेसष्ट आंबे मांडता येतात, ‘त्रेसष्ट’ हा शब्द उच्चारता येतो, ‘६३’ हे चिन्ह लिहिता येते, दहा-दहा मण्यांच्या सहा माळा आणि तीन सुटे मणी समोर ठेवता येतात. यांपैकी कोणतीही एक गोष्ट म्हणजे ती संख्या नव्हे. फ्रेंच अभ्यासक रेमों द्युव्हाल यांनी गणितशिक्षणातील मूळ पेच येथेच पाहिला आहे. गणितीय वस्तूपर्यंत पोहोचण्याची वाट प्रतिरूपांमधूनच जाते, आणि तरीही प्रतिरूपालाच वस्तू समजण्याची चूक टाळावी लागते. म्हणून गणित समजणे म्हणजे एका प्रतिरूपपद्धतीतून दुसरीत ये-जा करता येणे, असे ते मानतात. महाराष्ट्रात २०१९ च्या जून महिन्यात संख्यावाचनावरून जो वाद झाला, त्यात या ये-जा करण्याचा विचार जवळजवळ झालाच नाही. त्या वादाची आणि त्यामागील बदलाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बदल आणि त्यावरील आक्षेप

बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात २१ ते ९९ या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘साठ तीन’, ‘नव्वद नऊ’ अशा पद्धतीने देण्यात आले. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (निधन २०२३) यांची त्यामागील भूमिका स्पष्ट होती. परंपरागत नावांतील जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात. उच्चारात एकक आधी आणि दशक नंतर येतो, लेखनात मात्र दशक आधी येतो. शिवाय जुनी नावे रद्द केलेली नाहीत, मुलाने सोयीची पद्धत वापरावी. ‘गणितगप्पा’सारखे पुस्तक लिहून गणित सामान्य वाचकापर्यंत नेणाऱ्या लेखिकेची ही भूमिका होती, हे ध्यानात घेतले तर तिच्यामागे मराठीविषयीची अनास्था होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रत्यक्षात चर्चा वेगळ्याच वाटेने गेली. विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’वर कोटी झाली आणि प्रश्न भाषेच्या अस्मितेचा होऊन बसला.

‘छत्तीसचा आकडा’ या वाक्प्रचाराचे यापुढे काय, अशी शंका अशा चर्चेत साहजिकच येते. ती तपासून पाहण्यासारखी आहे. ३ आणि ६ हे देवनागरी अंक एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असतात, म्हणून छत्तीसचा आकडा म्हणजे बेबनाव. म्हणजे हा वाक्प्रचार नावावर उभा नाही, चिन्हाच्या आकृतीवर उभा आहे. तीच दोन चिन्हे जागा बदलून समोरासमोर आली की ६३ होतात. आणि श्रुतलेखनात ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल जेव्हा आधी ३ व मग ६ लिहिते, तेव्हा त्याच्या पाटीवर नेमका छत्तीसचा आकडा उमटतो. नारळीकर यांनी निदर्शनास आणलेली अडचण काल्पनिक नाही, याचा हा साधा पुरावा आहे. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारला जातो. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संख्यालेखनाच्या एकूण चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित आढळल्या.

निदान बरोबर असले, तरी ते अपुरे होते. २१ ते ९९ या ७९ संख्यांतून तीस, चाळीस अशा पूर्ण दशकांची सात नावे वगळली, तर ७२ जोडनावे उरतात. नव्या पद्धतीत ती सर्व नावे एक ते नऊ आणि वीस ते नव्वद अशा १७ शब्दांतून सिद्ध होतात, ही तिची निर्विवाद सोय. जुन्या पद्धतीत ‘दोन’ या एकाच अंकाची रूपे पाहावीत : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. पन्नासचे ‘वन्न’ होते, तेच त्रेपन्न-चोपन्नमध्ये ‘पन्न’ होते. सत्तरचे ‘हत्तर’ होते. शब्द फोडून त्याचे घटक मुलाला सहज हाती लागत नाहीत, आणि म्हणून ही नावे त्याला एकेक करून पाठ करावी लागतात. आजची संगणकीय वाचनप्रणालीही याला अपवाद नाही. मराठी अंक वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला शंभरापर्यंतच्या नावांची सारणीच पुरवावी लागते. यंत्राला जे नियमाने साधत नाही, ते सात वर्षांच्या मुलाला साधावे अशी अपेक्षा शाळा करीत आली आहे.

परंतु या ७२ नावांतील सात नावांची गोष्ट निराळी आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. येथे प्रश्न क्रमाचा नाहीच. ‘२९’ या चिन्हात २ आणि ९ आहेत; ‘एकोणतीस’ या नावात दोनही नाही आणि नऊही नाही. त्यात तीस आहे आणि एक उणे आहे. चिन्ह बेरीज मांडते, नाव वजाबाकी मांडते. (हिंदी ‘उन्यासी’पर्यंत वजाबाकी करते आणि ‘नवासी’ला सोडून देते, मराठी एकोणनव्वदपर्यंत नेटाने जाते आणि नव्व्याण्णवला येऊन थांबते.) ‘एकवीस’ आणि ‘वीस एक’ यांत घटक तेच राहतात, फक्त क्रम बदलतो. ‘एकोणतीस’ऐवजी ‘वीस नऊ’ म्हटले की मात्र एक गणिती कृती जाऊन तिच्या जागी दुसरीच येते. पुस्तकाच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी दोन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजले, हा या चर्चेतील सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

कारण वजाबाकीचे हे प्रतिरूप निरुपयोगी नाही. ४९ मध्ये ३७ मिळविताना पन्नास करून एक कमी करण्याची जी युक्ती तोंडी हिशेबात सर्रास वापरली जाते, ती ‘एकोणपन्नास’ या नावातच दडलेली आहे. चिन्हातून ती सुचत नाही. शिक्षकाने हे नाव फळ्यावर फोडून दाखविले, तर ते पाठांतराचे ओझे राहत नाही, साधन होते. पुस्तकाने जुनी नावे ठेवली. ती फोडून मात्र दाखविली नाहीत. तोवर ‘दोन्ही वाचने ग्राह्य’ या सवलतीचा अर्थ एवढाच उरतो की एक नाव समजून घ्यावे आणि दुसरे मुकाट्याने पाठ करावे.

नाव व चिन्ह यांतील विसंगतीचा इतिहास

एकक आधी सांगण्याची रीत मराठीच्या अडाणीपणातून आलेली नाही. संस्कृत गणितग्रंथांतील भूतसंख्यापद्धतीत अंक शब्दांनी सांगितले जात, आणि ते एककापासून डावीकडे सरकत. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष शके १०३६ याच रीतीने दिले आहे : रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे एक. ऐकणारा सहा, तीन, शून्य, एक असे ऐकतो आणि १०३६ असे लिहितो. ज्या गणितींनी दशमान लेखन परिपूर्ण केले, तेच पद्यात उलट क्रमाने संख्या सांगत होते आणि त्यांचा गोंधळ होत नव्हता, कारण दोन पद्धतींमधील रूपांतराचा नियम त्यांना ठाऊक होता. संगणकशास्त्रातही संख्येचा लहान भाग आधी साठवावा की मोठा, यावर असाच तंटा झाला. १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी गलिव्हरच्या प्रवासातील अंडे कोणत्या टोकाने फोडावे या भांडणावरून त्या दोन पक्षांना नावे दिली. पुढे दोन्ही रीती टिकल्या. दोन यंत्रांनी परस्परांशी बोलताना क्रम आधी ठरवून घ्यायचा, एवढाच संकेत पडला.

भुदरगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यात तर हे वास्तव बाजारात ऐकू येते. गडहिंग्लज-निपाणीकडे कन्नड बोलणारा व्यापारी ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘वीस एक’. त्याच दमात मराठी गिऱ्हाइकाला तो ‘एकवीस’ सांगतो. जुन्या पिढीत ‘दोन विसा’, ‘तीन विसा दहा’ अशी विसाच्या गटाने होणारी मोजणीही होती. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून ठरणारा भाव हे आणखी एक प्रतिरूप. त्यात तर शब्दही नाही आणि अंकही नाही. एकच माणूस यांतील दोन-तीन पद्धती बाळगतो. भाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि सुलभीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांनीही या अनुभवाची दखल घेतली नाही.

नाव बदलण्याचा प्रयोग इतरत्र झालेला आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये अधिकृतपणे दशक आधी उच्चारण्याची रीत स्वीकारली, आणि त्यामागे दूरध्वनी क्रमांक सांगण्याची सोय हे एक कारण होते. सात दशकांनंतरही तेथील बोलण्यात जुनी रीत गेलेली नाही. जर्मनीत बोखुम येथील गणिती लोथार गेरिट्झेन यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये ‘वीस-एक’ याच अर्थाचे नाव घेऊन एक संस्था स्थापन झाली; तिची मागणीही जुने नाव घालवण्याची नसून नवे शेजारी ठेवण्याची आहे. या उदाहरणांवरून असे दिसते की पाठ्यपुस्तक संख्येला नाव देऊ शकते, परंतु घरात व दुकानात चालणारे नाव काढून घेऊ शकत नाही. म्हणून ‘वीस एक’ हे नाव न मानता स्थानिक किंमत उलगडणारी पायरी मानणे अधिक युक्त ठरते. ‘त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन, म्हणून ६३’ या वाक्यात तीन प्रतिरूपे आहेत, आणि शिकण्याची गोष्ट त्यांना जोडणाऱ्या ‘म्हणजे’ व ‘म्हणून’ या शब्दांत आहे.

अपूर्णांकांचे उपेक्षित उदाहरण

ज्या वादात मराठी संख्यानामांच्या वैभवाचा एवढा पुकारा झाला, त्यात पावणेदोनचा उल्लेख कोठे आढळत नाही, ही नवलाची गोष्ट आहे. मराठीची खरी श्रीमंती पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट यांत आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे सोळा आण्यांच्या रुपयाला आणि शेर-पावशेराला बेतलेले होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनेमापे बदलली आणि हे पाढे शाळेतून गेले. ते योग्यही होते. ज्या व्यवहाराचे ते प्रतिरूप होते तो व्यवहारच उरला नव्हता. परंतु नावे गेली नाहीत. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीच हजार हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत.

जुन्या मराठी हिशेबाच्या कागदांत सव्वा १।, दीड १॥ आणि पावणेदोन १॥। असे लिहिलेले आढळते. एकापुढे तीन उभ्या रेघा म्हणजे एक आणि तीन पाव. कागद येथेही बेरीज करतो, आणि जीभ ‘पावणेदोन’ म्हणून दोनातून पाव वजा करते. एकोणतीस आणि २९ यांच्यातील नाते ते हेच. आजच्या पुस्तकात याच संख्येची १.७५ आणि एक पूर्णांक तीन छेद चार अशी दोन प्रतिरूपे येतात. रेघांचे चिन्ह येत नाही, आणि ‘पावणेदोन’ हे मुलाच्या कानावर रोज पडणारे नाव त्या दोहोंशी जोडून देण्याचे काम पुस्तक शिक्षकावर सोडते. याउलट युनिकोडने २००९ मध्ये पाव, अर्धा, पाऊण आणि त्याहून लहान भागांच्या या चिन्हांना स्वतंत्र संकेतांक दिले, २०१४ मध्ये मोडी लिपीलाही स्थान दिले. संगणकाच्या कोठारात ही चिन्हे सुरक्षित आहेत. वर्गात ती कोणी उच्चारत नाही.

या विवेचनाचा संबंध अखेर कोणत्या मुलाशी येतो, हे पाहणे आवश्यक आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेल्या जे. पी. नाईक यांनी डॉ. व्ही. टी. पाटील यांच्यासमवेत गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभाग घेतला, आणि १९७५ मध्ये समता, गुणवत्ता व संख्या यांना भारतीय शिक्षणातील निसटता त्रिकोण म्हटले. धोरणाचा पेच त्यांनी एका भौमितिक आकृतीतून मांडला, हेही प्रतिरूपणच. ‘वीस एक’च्या वादात विरोधक गुणवत्तेच्या कोनातून बोलत होते आणि पुस्तक संख्येच्या कोनातून, म्हणजे अधिकाधिक मुले टिकावीत या दृष्टीने. समतेचा कोन रिकामा राहिला. इंग्रजी माध्यमातील मूल ‘ट्वेंटी-वन’ म्हणते आणि उच्चारल्या क्रमानेच लिहिते. त्याला ही अडचण नाही. शहरी मराठी घरातील मुलाला आईवडील एकोणतीस फोडून सांगतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील ज्या मुलाला घरी ते सांगणारे कोणी नाही, त्याच्यासाठी हे काम पुस्तकाच्या पानावरच व्हावे लागते. एकोणतीसच्या शेजारी ‘तिसाला एक कमी’, त्याच्या शेजारी ‘वीस आणि नऊ’, खाली दोन माळा व नऊ सुटे मणी, आणि मग २९. पुढच्या एखाद्या इयत्तेत याच मांडणीने पावणेदोन, १॥। आणि १.७५. असे पान तयार करण्यास ना नवे नाव लागते, ना जुने सोडावे लागते. दुसरीच्या पुस्तकात त्यासाठी जागा मात्र द्यावी लागते.