अहिल्यानगर जिल्ह्यातील हाताने रंगविलेले धार्मिक मार्गफलक आणि त्यांचे छायाचित्रण

अहिल्यानगर (2024 पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे रस्ते हे बहुतांशी देवस्थानांचे रस्ते आहेत. शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासे, मढी, मोहटे, सिद्धटेक, हरेगावची मतमाउली, अरणगावचे मेहेराबाद या ठिकाणी वर्षभर भाविकांची ये-जा चालू असते. साहजिकच फाट्यावर, मोरीच्या कठड्यावर, विहिरीच्या भिंतीवर, रसवंतीच्या पत्र्यावर देवाचे नाव, बाण आणि किलोमीटरचा आकडा रंगविण्याची रीत येथे रुजली. चुन्याचा हात, त्यावर दोरीने मारलेली रेघ आणि ऑइलपेंटची अक्षरे एवढीच तिची सामग्री. असे फलक शोधून त्यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद अलीकडे वाढला आहे. फ्लेक्सच्या प्रसारामुळे आणि रस्ता रुंदीकरणामुळे हे फलक झपाट्याने नाहीसे होत असल्याने हा छंद स्वागतार्ह ठरतो. मात्र तो ज्या पद्धतीने जोपासला जातो, ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

या छायाचित्रांत फलक बहुधा समोरून, चौकट भरून घेतलेला असतो. वळणदार ‘श्री’, ठसठशीत ‘ॐ साई राम’, चुकलेली वेलांटी एवढेच त्यात उरते. रस्ता, फाटा, बाण ज्या दिशेला आहे ती दिशा, भिंतीचा मालक कोण, हे सारे चौकटीबाहेर राहते. घोडेगावहून शिंगणापूरकडे वळणाऱ्या रस्त्यावरील बाणाचा अर्थ त्या वळणावाचून लागत नाही. शनीला वाहावयाच्या तेलाची जाहिरात आणि देवाचे नाव एकाच पत्र्यावर येते तेव्हा श्रद्धा व उपजीविका यांची सरमिसळ हाच त्या फलकाचा खरा आशय असतो. दुकान कापून केवळ देवाचे नाव ठेवणारे छायाचित्र सुंदर असेल. पुरावा म्हणून ते लंगडेच. अशुद्धलेखनाचे कौतुक तर अधिकच खटकते. बोलीतला उच्चार जसाच्या तसा अक्षरांत उतरलेला असतो, आणि शहरी प्रेक्षक त्याकडे गंमत म्हणून पाहतो.

अन्यत्र झालेली दोन कामे येथे उद्‌बोधक ठरतात. सॅम फेंट्रेस या छायाचित्रकाराने अमेरिकेतील रस्त्यांकडेचे ख्रिस्ती फलक दीर्घकाळ टिपून 2007 मध्ये ‘बायबल रोड’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या उपशीर्षकातच अमेरिकी भूप्रदेशाचा उल्लेख आहे. फलक आणि परिसर यांची त्याने फारकत केली नाही. आपल्याकडे हनीफ कुरेशी (निधन 2024) यांनी रस्त्यावरील पेंटरांच्या अक्षरांचे संगणकीय टंक तयार करून त्यांना त्या त्या पेंटरांची नावे दिली. कारागिराला श्रेय मिळाले, हे या कामाचे मोठे मोल. पण भिंतीवरून सुटलेले अक्षर कोणत्या गावाकडे बोट दाखवीत होते, हे टंकातून कळत नाही.

वस्तुतः यासाठी परदेशी आदर्शाची फारशी गरज नाही. मराठी अभ्यासकांपुढे शिलालेखवाचनाची भक्कम परंपरा आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (1963) या ग्रंथात लेख कोठे आहे याची नोंद वाचनाइतकीच महत्त्वाची मानलेली दिसते. नेवाशाचा पैस खांब ज्ञानेश्वरीमुळे (1290) सर्वांना ठाऊक आहे. पण त्यावरच दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे, याकडे भाविकांचे लक्ष क्वचितच जाते. दान, देव आणि तेल यांचा हाच व्यवहार आज पत्र्यावर ऑइलपेंटने लिहिला जातो. दगडी लेखाला जी शिस्त लावली जाते ती पत्र्याला का लावू नये? दगड शतके टिकतो, आणि ऑइलपेंटचा फलक काही पावसाळ्यांत विटतो. म्हणून येथे नोंदीची निकड उलट अधिक आहे.

अशा नोंदीसाठी फार काही लागत नाही. एक छायाचित्र दुरून, एक जवळून. गाव, फाटा, तारीख. रंगाच्या थराखाली जुनी अक्षरे दिसत असल्यास त्यांचा उल्लेख. यात्रेपूर्वी फलक पुन्हा रंगविला जात असेल तर पुढील वर्षी त्याच जागी पुन्हा जाणे. महाविद्यालयातील मराठी आणि इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. बहुतेक विद्यार्थी याच रस्त्यांनी एस.टी.ने ये-जा करतात. भिंतीच्या मालकाशी आणि पेंटरशी बोलणे मात्र टाळता येणार नाही. फलकाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत पुष्कळदा पेंटरचे नाव आणि गाव लिहिलेले असते. छायाचित्र कापताना सर्वांत आधी तोच कोपरा जातो.