मागच्या निवाड्यांचा हिशेब

केव्हिन अ‍ॅश्ली यांचे ‘मॉडेलिंग लीगल आर्ग्युमेंट’ हे १९९० सालचे इंग्रजी पुस्तक मुलाने शुगर लँडच्या घरी आणून ठेवले, ते आम्ही वाचून काढले. आमचे आयुष्य रुग्णसेवेत गेले, कायदा हा आमचा विषय नव्हे. तरी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

पुस्तकात ‘हायपो’ या संगणक-प्रोग्रॅमची हकिकत आहे. धंद्याचे गुपित चोरल्याचा खटला समोर आला, की तो जुने निवाडे काढतो. गुपित बाहेरच्या किती जणांस सांगितले होते, ते जपण्यास काय बंदोबस्त होता, अशा मुद्द्यांवर साम्य पाहतो. एका पक्षासाठी जुना निवाडा मांडतो, दुसऱ्याकडून त्यातील फरक दाखवितो, मग पहिल्यास उत्तर देऊ देतो. मुद्द्यांना गुण देऊन बेरीज मात्र करीत नाही, हे आम्हांस फार पटले. नवजात बाळाचे अ‍ॅपगार गुण आम्ही पाच गोष्टींची बेरीज करून दहापैकी लिहीत असू. पण सात म्हणजे कोणते सात, हे बाळाजवळ उभे राहूनच कळे.

आमची तक्रार निराळी आहे. मुद्द्यांची यादी हायपोला आयती मिळते. पुढे अ‍ॅश्ली व व्हिन्सेंट अ‍ॅलेव्हन यांच्या ‘केटो’ने २६ मुद्दे घेऊन त्यांमागची कारणेही जोडली; पण यादी माणसानेच केलेली.

यादी कोणी करावी, हा वाद आपल्या समाजाने भोगला आहे. बेने इस्राएलांशी विवाहास मनाई नाही, असे इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटने १९६१ साली ठरविले होते. तरी १९६२ साली सूचना निघाल्या, की बेने इस्राएल अर्जदाराची आई, आजी, शक्य तितके मागे जाऊन तपासावे. कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले गेले ते शब्बाथला घाणा बंद ठेवीत म्हणून. दावीद राहाबींनी मासे पुढे ठेवले आणि बायकांनी पर व खवले असलेलेच निवडले, ही कथा तर घरोघरी सांगतात. त्या परीक्षेत माणसे कशी जगतात हे पाहिले होते. १९६२ च्या कागदावर त्याला रकानाच नव्हता.

१९६४ साली आंदोलन झाले, क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि रब्बिनेटने सूचनांतून समाजाचे नाव काढून ‘ज्याच्याविषयी शंका असेल तो’ अशा अर्थाचे शब्द घातले. जुन्या निवाड्यांशी साम्य दाखवून हे घडले नाही. बाहेरच्या दहा जणांस सांगितलेले गुपित दहा हजारांस सांगितले तर काय, हे हायपो उत्तम विचारतो. हा प्रश्न एकाच समाजाला का, हे त्याला विचारता येत नाही.